काठावर राहा
तो पहिल्यांदा दुकानात आला तोच पाठीत गळ रुतवून. म्हणजे स्वेटरच्या पाठीत हो! हात मागे पोचेना, आणि बाहेर थंडी अशी की स्वेटर काढायची हिंमत होईना.

"जरा बघता का..."

"तळ्यातले मासे संपले वाटतं? स्वतःलाच गळाला लावलंत!" ती बोलून गेली आणि स्वतःच दचकली. बाबा गेल्यापासून तिने कुणाची थट्टा म्हणून केली नव्हती.

मासेमारीच्या सामानाचं हे दुकान बाबांचंच. मागच्या हिवाळ्यात त्यांचा गळ तळाच्या खडकात अडकला. गळावर माशांना भुलवणारी पिसांची खोटी माशी होती, तिने आयुष्यात बांधलेली पहिली. "पोरीची माशी सोडतो की काय!" म्हणत ते छातीभर पाण्यात उतरले. काठावर उभ्या तिला केवढा अभिमान वाटला होता! त्या बर्फगार पाण्याने बाबांना परत दिलंच नाही. त्यानंतर ती तयार माश्या विकायची. स्वतः एकही बांधली नाही.

तो गावात नवा आलेला वायरमन. सुट्टी झाली की दुसऱ्या दिवशी दारात हजर.

"पुन्हा घालवल्या सगळ्या माश्या?"

"काय करू? थंडीत मासे तळ सोडत नाहीत, आणि तळाशी नुसते दगड. हे तळं माशांपेक्षा खादाड आहे!" मग जरा घुटमळून... "तुम्हीच बांधा ना एखादी. न अडकणारी."

तिने साफ नाही म्हटलं. तो पुन्हा आला. पुन्हा नाही. पण एका संध्याकाळी तिने बाबांची पिसांची डबी उघडली. तो वाकून बघू लागला, आणि ती बांधता बांधता सांगत गेली.

"गळाच्या पाठीवर शिशाची तार गुंडाळली की गळ पाण्यात उलटतो. टोक वर राहतं, दगडात रुतत नाही. तळ लागला की काठी हळूच उचलायची. झटका द्यायचा नाही."

"आणि तरीही अडकली तर?"

"म्हणून माशीजवळचा शेवटचा दोरा सगळ्यात कच्चा. तोडायचा. पाण्यात पाय घालायचा नाही. शपथ घ्या."

"तुम्ही बांधलेली माशी तोडू?" तो हसला. "छे!"

शपथ काही त्याने घेतली नाही. म्हणून रविवारी ती तळ्यावर गेली, वर्षभरात पहिल्यांदा. तिला बघून त्याचा चेहरा असा खुलला... आणि तेवढ्यात काठी वाकली. त्याने या बाजूने ओढून पाहिलं, त्या बाजूने पाहिलं. माशी हलेना. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं आणि सरळ पाण्यात उतरला. घोटा. गुडघा. कंबर.

बाबाही असेच उतरले होते.

"सोड! तोड तो दोरा, मूर्खा! माशी नकोय मला... तू हवायस!"

तो थबकला. मग दोरा बाहीभोवती गुंडाळून त्याने ओढला. कट्कन तुटला.

तो बाहेर आला तेव्हा दातावर दात आपटत होते.

"गेली तुमची माशी... आणि तुम्ही मला चक्क अरेतुरे केलंत!"

तिने त्याची ओली बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि हमसून हमसून रडली. बाबांसाठी ती अशी रडलीच नव्हती.

"दुसरी बांधून देशील?" त्याने हळूच विचारलं.

"देईन. हव्या तेवढ्या हरव," ती म्हणाली. "तू तेवढा काठावर राहा."