चंद्रावर म्हैस उठेना

पृथ्वीवर काट्यावर साडेपाचशे किलो दाखवणारी म्हैस चंद्रावर त्याच काट्यावर शंभरसुद्धा दाखवत नाही. चंद्राची ओढच मुळी पृथ्वीच्या ओढीचा सहावा हिस्सा. मग इथे उठून उभं राहणं तिला सोपं जायला हवं की नाही? पण शशांकनगरच्या गोठ्यात कस्तुरी सकाळपासून जी बसली होती, ती काही केल्या उठेना.

शशांकनगर म्हणजे चंद्रावरची आपली वसाहत. पावडरीच्या दुधाचा चहा पिऊन तिथल्या लोकांना वीट आला, तेव्हा यानातून म्हैस आणायचं ठरलं. लांब शिंगांची म्हैस यानाच्या दारातून जाईना, म्हणून वळलेल्या शिंगांची मुऱ्हा निवडली. तीच ही कस्तुरी. काल तिला रेडकू झालं. चंद्रावर जन्मलेलं पहिलं रेडकू! सगळी मंडळी नुसती नाचत होती. चंद्रावर नाचणं तसं अवघडच, कारण एकदा उडी मारली की माणूस लवकर खाली येत नाही.

आज मात्र कुणाला नाचायचं सुचत नव्हतं. वसाहतप्रमुख रेवतीताईंची अकरा वर्षांची मुलगी मिथिला कस्तुरीच्या मानेला टेकून बसली होती. वसाहतीत तिच्या वयाचं दुसरं कुणीच नव्हतं, त्यामुळे तिची सगळी गुपितं कस्तुरीला ठाऊक. आता कस्तुरीची मान कुशीकडे वळली होती, कान गार पडले होते आणि हाक मारली तरी ती बघत नव्हती.

"निदान : कमी ओढीमुळे पायांचे स्नायू दुबळे. उपाय : विश्रांती," ठोंब्या म्हणाला. ठोंब्या हा गोठ्याचा यंत्रमानव. त्याचं खरं नाव भारदस्त होतं, पण ते कुणाच्या लक्षात राहत नसे.

"अरे, काल ती गोठाभर फिरत होती! एका रात्रीत स्नायू दुबळे होतात का?" मिथिला म्हणाली.

"माहिती अपुरी," ठोंब्याने जाहीर केलं.

पृथ्वीवरच्या पशुवैद्यांना विचारावं, तर सौरवादळामुळे संपर्क तुटलेला. तो संध्याकाळी जुळणार होता. पण कस्तुरीचा श्वास मंदावत चालला होता. संध्याकाळपर्यंत ती जगेल का, हे विचारायची मिथिलाला भीती वाटत होती. ती उठली आणि थेट सलमामावशीला घेऊन आली.

डॉ. सलमा मुजावर चेतापेशींचा (मेंदूचे निरोप शरीरभर पोचवणाऱ्या पेशींचा) अभ्यास करत असे. "बाई गं, मी जन्मात म्हशीला हात लावलेला नाही," ती दारातच थबकली. "हिच्याकडे तोंडाकडून जायचं की शेपटीकडून?"

"कुठूनही जा मावशी, पण लवकर जा!"

सलमामावशीने कस्तुरीच्या मागच्या पायावर दोन चकत्या चिकटवल्या, एक चेतातंतूवर आणि एक स्नायूवर. मग तंतूला विजेचा अगदी हलका टोला दिला. पडद्यावर एक उंच लाट उमटली आणि सरसर पुढे गेली. स्नायूची लाट मात्र बारीकशी उमटून विझली.

"बघ, निरोप धावतोय. पण पोचत नाहीये."

"म्हणजे?"

"चेतापेशीच्या आवरणात बारीक बारीक दारं असतात. त्यांना आयनमार्ग म्हणतात. आयन म्हणजे विजेचा भार असलेला अणू. मेंदूने 'ऊठ' म्हटलं की पहिली दारं उघडतात आणि सोडियमचे आयन आत घुसतात. त्यांच्या भारामुळे शेजारची दारं उघडतात, मग त्यांच्या शेजारची. अशी लाट तंतूच्या टोकापर्यंत जाते. कस्तुरीच्या पायात ती जातेय, आत्ता आपण पाहिली. म्हणजे ही दारं ठीक आहेत."

"मग अडलंय कुठे?"

"टोकाला. चेतापेशी आणि स्नायू यांच्यामध्ये एक फट असते. विजेच्या लाटेला ती ओलांडता येत नाही. म्हणून टोकाशी रसायनाच्या इवल्या पुड्या तयार ठेवलेल्या असतात. त्या फुटल्या की रसायन पलीकडे जातं आणि स्नायू आखडतो. पण या पुड्या लाट आली म्हणून फुटत नाहीत."

"मग कशाने फुटतात?"

"टोकाला वेगळी दारं असतात, कॅल्शियमची. लाट पोचली की ती उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत शिरतं, आणि ते शिरलं की पुड्या फुटतात. कॅल्शियमशिवाय काही नाही."

मिथिला विचारात पडली. "दार उघडलं, पण बाहेर कॅल्शियम उभंच नसेल तर?"

सलमामावशी तिच्याकडे बघतच राहिली. मग ती ठोंब्याकडे वळून ओरडली, "रक्त तपास! फक्त कॅल्शियम!"

ठोंब्याने थेंबभर रक्त घेतलं. "कॅल्शियम : नेहमीच्या निम्म्याहून कमी."

"पण ते गेलं कुठे?" दारात उभ्या असलेल्या रेवतीताईंनी विचारलं.

मिथिलाचा चेहरा एकदम उतरला. "आई... आपण खाल्लं."

काल वसाहतीत खरवस झाला होता. व्यायल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध म्हणजे चीक, आणि चिकाचा खरवस, वेलदोडा घातलेला! एवढ्या वर्षांनी खरवस मिळणार म्हणताना सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. कुणी उपाशी राहू नये म्हणून रेवतीताईंनीच ठोंब्याला फर्मावलं होतं, रेडकू प्यायलं की कासेत थेंब ठेवू नकोस. यंत्रमानवच तो, त्याने खरोखरच ठेवला नाही.

"चिकात कॅल्शियम भरपूर असतं," सलमामावशी म्हणाली. "ते रक्तातून कासेत आलं. आपण कास रिकामी केली, कस्तुरीने ती परत भरली आणि रक्त रिकामं झालं. हाडांत साठा आहे, पण तो बाहेर निघायला वेळ लागतो."

रेवतीताईंनी कपाळाला हात लावला. "मला मेलीला दुसरी वाटी हवी होती!"

औषधपेटीत कॅल्शियमच्या सलाइनची बाटली होती. ठोंब्याने मानेच्या शिरेत सुई घातली. पण चंद्रावर सलाइनसुद्धा धड खाली येत नाही, म्हणून त्याने आपला लांब हात छतापर्यंत नेऊन बाटली उंच धरली.

"सावकाश," सलमामावशी बजावत होती. "हृदयातही कॅल्शियमची दारं आहेत. एकदम लोंढा आला तर ते थांबेल. ठोंब्या, ठोके बिघडले तर नळी बंद."

थेंब पडत राहिले. मिथिलाने ओठ घट्ट मिटून घेतले होते. बाटली निम्मी झाली तरी काही नाही. मग कस्तुरीच्या मांडीवरची कातडी थरथरली. पडद्यावर स्नायूची लाट वर आली, आणखी वर. कस्तुरीने मान सरळ केली, भलीमोठी ढेकर दिली आणि भदाभदा शेण टाकलं. वसाहतीत शेणासाठी टाळ्या पहिल्यांदाच वाजल्या असतील.

"सुई काढ रे!" मावशी ओरडली.

सुई निघाली तोच कस्तुरीने चारही पायांत जोर आणला. अडलेले निरोप आता एकदम पोचले असावेत. ती उठली आणि उठतच गेली, माणसाच्या कमरेएवढी हवेत. मग डोळे विस्फारून, अलगद, चारही खुरांवर खाली उतरली. रेडकू धडपडत जाऊन कासेला लागलं.

मिथिलाने कस्तुरीच्या गळ्यात हात टाकले आणि भोकाड पसरलं. सकाळपासून कोंडून ठेवलेलं सगळं रडू तिने रडून घेतलं. रेवतीताईही डोळे पुसत होत्या, आणि पुसता पुसता हसत होत्या. छातीवरचा धोंडा उतरला होता.

"मावशी," रडू ओसरल्यावर मिथिलाने विचारलं, "माणसांचं असं होतं का गं?"

"थोडं निराळं. काही माणसांच्या रक्तात कॅल्शियम असतं, पण आजारामुळे ती टोकाची दारंच पुरेशी उघडत नाहीत. साधा जिना चढवत नाही त्यांना. थोडी औषधं आहेत. याहून चांगली सापडतील असं मला वाटतं, मी त्याच्याच मागे आहे."

"मग लवकर शोध ना," मिथिला म्हणाली. "त्यांच्या शेजारीपण कुणीतरी बसलेलं असेल, माझ्यासारखं."

सलमामावशीने आपलं यंत्र उचललं आणि लांबलांब ढांगा टाकत ती प्रयोगशाळेकडे निघाली.