नवं कार्ड आणि थांबलेलं पाणी

घरातला संगणक पूर्वीपेक्षा कितीतरी वेगवान झाला होता आणि नेमका तेव्हापासून त्यांचा खेळ रखडायला लागला होता. यंत्र पळतंय आणि खेळ मात्र जागचा हलत नाही, हे कसं काय? शर्वाणीला हे कोडं सुटत नव्हतं आणि त्याचा तिला आता मनापासून वैताग आला होता.

शर्वाणी सातवीत होती, तिचा भाऊ ओजस नववीत. ते मिरजेला राहत. एव्हाना मिरजेत बहुतेक घरांच्या गच्च्यांवर सौरपत्रे बसले होते आणि घरकामाला यंत्रमानव आले होते. यांच्याकडची ठकी त्यांतली जुनी. शेजाऱ्यांनी नवा यंत्रमानव आणला, तेव्हा ती यांच्याकडे आली. कपडे वाळत घालायची, भाजी निवडायची. पण चालायची इतकी सावकाश, की तिला हाक मारून माणूस विसरून जाई.

दर शनिवारी दुपारी घरच्या एकाच संगणकावर बसून दोघं भावंडं आणि दूरवरून झोया मुल्लाणी मिळून 'खोलतळ' नावाचा खेळ खेळत. झोया शर्वाणीची बालवाडीपासूनची मैत्रीण. तिच्या अब्बांची बदली दापोलीला झाली आणि ती तिकडे गेली. तेव्हापासून शनिवारची भेट होई ती या खेळातच. एका दूरच्या चंद्रावरच्या समुद्राच्या तळाशी तिघांनी एक शहर उभारलं होतं. भिंती आणि बोगदे ओजसचे, हवा आणि पाणी शर्वाणीचं, दिवे आणि मत्स्यशेती झोयाची. शिवाय प्रत्येकाची शहरात आपापली एक पेठ. खेळ संथ होता. विचार करा, बोला, बांधा, मग पुढं.

मग मामानं ओजसला नवं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं रंगवणारा संगणकाचा भाग) आणून दिलं. पडद्यावरचं प्रत्येक चित्र म्हणजे लाखो ठिपके. हे कार्ड म्हणजे जणू रंगाऱ्यांची भली मोठी फौज. प्रत्येकाकडे थोडे ठिपके, आणि सगळे एकाच वेळी रंगवतात. जुन्या कार्डात रंगारी कमी होते, नव्यात पुष्कळ.

पहिल्या शनिवारी ओजसनं खेळ सुरू केला आणि तो खुर्चीतून अर्धा उठलाच. "शर्वाणी, पाणी बघ. एकेक लाट वेगळी दिसते."

पाणी खरोखर सुंदर दिसत होतं. पण ते जरा वेळ हललं आणि थांबलं. मासे अधांतरी थबकले. मग सगळं एकदम पुढं उडी मारून आलं आणि पुन्हा थांबलं.

"माझ्याकडे अडकतंय," कानातल्या यंत्रातून झोया म्हणाली. "एक मिनिट थांबा हं."

थांबले. पुन्हा अडकलं. पुन्हा थांबले. असं तासभर चाललं.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी ओजसचा तोल गेला. "झोया, तुझं ते संगणक नावाचं खेळणं फेकून दे आता. नवीन घे. तुझ्यामुळे आम्ही दोघं लटकतोय."



"बरं," झोया म्हणाली, आणि तिच्या नावाशेजारचा हिरवा ठिपका विझला.

त्यानंतर ती आली नाही. शर्वाणीनं निरोप पाठवले. 'अभ्यास आहे' एवढंच उत्तर आलं. खेळाचा नियम असा, की कोणी बरेच दिवस फिरकलं नाही तर त्याचा भाग झोपी जातो. झोयाच्या पेठेतले दिवे एकेक करत मालवले. शहराचा एक तुकडा काळा पडला.

ओजसला त्याचं फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. तो मोटारशर्यतींकडे वळला होता. जुन्या कार्डावर त्या शर्यती इतक्या धक्के खात, की गाडी वळणावर पोचायच्या आधी भिंतीत जाई. म्हणून त्यानं त्यांचा नाद कधी केला नव्हता. आता त्या लोण्यासारख्या चालत. शाळेतून आला की दप्तर टाकून शर्यत. पण शर्यतही तो दहा मिनिटं खेळे, मग थांबवून सावल्या वाढवे, धुकं कमी करे, पुन्हा सुरू करे. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असे, सेकंदाला किती चित्रं रंगवली जातात तो. ओजसचे डोळे रस्त्यावर कमी आणि त्या आकड्यावर जास्त.

"एकशे सत्तर होता, एकशे पंचावन्न झाला," तो कुरकुरे.

"तू जिंकलास की हरलास?" शर्वाणी विचारे.

"कुठे?"



अशातच हेमांगी आत्या सुट्टीवर आली. आत्या शास्त्रज्ञ होती. समुद्राखाली फिरणाऱ्या मानवरहित पाणबुड्या किनाऱ्यावर बसून चालवणारी माणसं असतात. त्यांच्या पडद्यावर चित्र किती लवकर पोचायला हवं, याचा ती अभ्यास करी. सुट्टीत पडदा म्हणून बघायचा नाही, असं ती ठरवून आली होती. ओजसनं तिला पहिल्याच दिवशी तीनदा ओढत नेऊन शर्यतीतला पावसाळी रस्ता दाखवला. दुसऱ्या दिवशी शर्वाणीनं तिच्यासमोर सगळी कैफियत मांडली.

"म्हणजे मला सुट्टी नाहीच," आत्या म्हणाली आणि चहाचा कप ठेवून उठली. "चल, आधी त्याच्या आकड्याचं बघू."

तिनं ओजसच्या पडद्याच्या कोपऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवला. आकडा झाकला गेला. "आता मी वेग ठरवीन. तू पाठ करून उभा राहा. मी सांगितलं की वळ, गाडी चालव आणि सांग, वेग वाढला की कमी झाला."

तीसवरून साठ केलं, ते त्यानं लगेच ओळखलं. साठवरून एकशे वीस, तेही जरा विचार करून ओळखलं. मग आत्यानं एकशे वीसवरून एकशे ऐंशी केलं.

"कमी केलास," ओजस ठामपणे म्हणाला. "जड वाटतंय."

पुन्हा केलं. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा बरोबर आला, चौथ्यांदा चुकला.

"तू अंदाज मारतोयस," शर्वाणी म्हणाली.

"हा कागद मध्ये आहे ना, त्यामुळे."

"कागद कोपऱ्यात आहे, ओजस," आत्या म्हणाली. "नीट ऐक. सेकंदाला तीस चित्रं असली, तर दोन चित्रांमध्ये साधारण तेहतीस मिलिसेकंद (सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतले तेहतीस) जातात. साठ केली की सतरा. म्हणजे प्रत्येक चित्र सोळा-सतरा मिलिसेकंद आधी मिळालं. डोळ्याला ते कळतं. एकशे वीसवरून एकशे ऐंशीवर गेलास, तर चित्र तीन मिलिसेकंदही आधी येत नाही. पहिल्या वेळी आकडा तिसानंच वाढला, या वेळी साठानं. पण त्या तिसात पोट भरतं आणि या साठात नुसतं ताट मोठं होतं. हा फरकही कळणारे लोक आहेत. तू त्यांच्यातला नाहीस, मीही नाही."

"मग आकडा खाली आला की मला वाईट का वाटतं?"

"कारण तू तो बघतोस. आपण जे मोजत बसतो, त्याचीच आपल्याला काळजी लागते. शिवाय नवलाई डोळ्यांत राहत नाही. नव्या गोष्टीला मेंदू थोड्या दिवसांत सरावतो (म्हणजे ती गोष्ट त्याला नेहमीची वाटायला लागते). मग पहिल्या दिवसाचा आनंद पुन्हा मिळवायला तू आणखी एक कळ फिरवतोस. खेळ राहिला बाजूला."

पण शर्वाणीचं समाधान झालं नव्हतं. "आत्या, हे त्याचं झालं. 'खोलतळ' का रखडतो? आमचं यंत्र तर वेगवान झालं."

"झोयाचं जुनं आहे म्हणून," ओजस म्हणाला. "मी सांगतोच आहे."

आत्यानं एक उसासा टाकला. "गच्चीवर चला. ठकीलाही बोलवा."

ठकी जिना चढून येईपर्यंत आत्यानं कपड्यांची दोरी सोडून घेतली होती. तिनं चौघांना एका रांगेत उभं केलं, दोरी प्रत्येकाच्या हातात दिली. सगळ्यांत पुढं ओजस, मागं शर्वाणी, मग आत्या, शेवटी ठकी.

"नियम एकच. सगळ्यांचं एक पाऊल पडल्याशिवाय कोणी दुसरं टाकायचं नाही. चला."

चालले. सावकाश, पण चालले. ठकीचं पाऊल पडे, ती म्हणे, "पडले," आणि रांग पुढं सरके.

"तुमचा खेळ असाच चालतो," आत्या म्हणाली. "ते शहर कुठल्या एका संगणकात नाही. तुमच्या आणि झोयाच्या संगणकात त्याची एकेक प्रत आहे. पुढच्या क्षणी पाणी कुठं जाईल, मासे कुठं वळतील, हे प्रत्येक संगणक स्वतः काढतो. दोन्हीकडचं उत्तर आल्याशिवाय कोणीच पुढं जात नाही. नाहीतर तुमच्याकडे बोगदा कोरडा आणि झोयाकडे तो बुडालेला, असं होईल. याला पायरीबंद गणित (सगळ्या यंत्रांनी मिळून एकेक पायरी चढणं) म्हणू."

मग तिनं नळाखालची बादली काठोकाठ भरली आणि ठकीच्या दुसऱ्या हातात दिली. "पाणी सांडायचं नाही, ठकी. चला पुन्हा."

ठकीनं पाऊल उचललं, बादली सावरली, थांबली, पुन्हा सावरली. रांग जागच्या जागी खिळली. ओजसनं दोरी ओढली, ठकी म्हणाली, "कृपया थांबा. मी येत आहे."

"ही फारच मंद आहे," ओजस वैतागला. "हिच्यामुळे सगळे थांबलेत."

"ठकी मघाशीही तीच होती," आत्या म्हणाली. "बादली नवी आहे."

शर्वाणीनं ओजसकडे बघितलं. ओजस दोरीकडे बघत होता.

खाली येऊन त्यानं न सांगता 'खोलतळ'ची मांडणी उघडली. त्यात दोन भाग होते. एक दिसण्याचा: सावल्या, चकाकी, रंग. तो ज्याचा त्याचा. ओजस तिथं हवं ते करू शकत होता. झोयाला त्याची झळ नव्हती. दुसरा भाग घडण्याचा: पाण्याचे किती बारीक कण मोजायचे, मासे किती, प्रवाह किती. तो सगळ्यांचा मिळून एकच. खेळ सुरू करणारा जे लावेल, ते दोन्हीकडच्या संगणकांना मोजावं लागे. नव्या कार्डाच्या पहिल्याच दिवशी ओजसनं दोन्ही भाग शेवटच्या टोकापर्यंत नेले होते.

"मला वाटलं, सगळं दिसण्याचंच आहे," तो म्हणाला.

"तू वाचलंस तरी का?" शर्वाणीचा आवाज चढला. "तिला खेळणं फेकून दे म्हणालास. तिची पेठ अंधारात गेली. आणि हे सगळं कशासाठी, तर तुला लाटा मोजायच्या होत्या म्हणून."

ओजसनं वाद घातला नाही. हे इतकं क्वचित घडे, की शर्वाणी पुढचं बोलायचं विसरली.

"आत्या, तू तिला समजावून सांगशील?" त्यानं विचारलं.

"मी सुट्टीवर आहे," आत्या म्हणाली. "आणि झोयाच्या हातात बादली काही मी दिली नव्हती."

त्यानं फोन लावला. झोयानं उचलला, पण नुसतं "बोल" म्हणाली.

ओजसनं सांगितलं. आधी पायरीबंद गणित, मग पाण्याचे कण, मग दिसणं आणि घडणं. सांगताना तो दोनदा अडखळला. शेवटी म्हणाला, "तुझं यंत्र ठीक होतं. चूक मी केली होती. आणि तसं बोलायलाही नको होतं."

"मी काय काय बंद केलं होतं, माहितीये?" झोया म्हणाली. "सावल्या बंद केल्या. रंग कमी केले. शेवटी चित्र काडेपेटीएवढं करून बघत होते, की माझ्यामुळे तुम्ही थांबू नये. मला मासेसुद्धा दिसत नव्हते, ओजसदादा. नुसते ठिपके."

एकशे सत्तर आणि एकशे पंचावन्नमधल्या फरकासाठी तो इकडे कुरकुरत होता, तेव्हा तिकडे ती काडेपेटीएवढ्या समुद्राकडे डोळे लावून बसली होती.

"शनिवारी येशील?" शर्वाणीनं मध्येच विचारलं.

"बघते," झोया म्हणाली. ती अजून रागावलेली होती, आणि ते रास्तच होतं.

शनिवारी हिरवा ठिपका पेटला. ओजसनं पाण्याचे कण पूर्वीइतकेच ठेवले होते. सावल्या आणि चकाकी मात्र त्यानं स्वतःपुरत्या पुऱ्या वाढवल्या होत्या. नव्या कार्डाची हौस काही गेली नव्हती. सोमवार-मंगळवारी तो अजूनही शर्यती खेळे, फक्त कोपऱ्यावरचा कागद त्यानं काढला नव्हता.

झोयाच्या पेठेत दिवे लागायला वेळ लागला. एक गल्ली, मग दुसरी. मत्स्यशेतीतले निम्मे मासे गेले होते. झोया नवीन पिल्लं सोडत राहिली. शर्वाणीनं तिच्याकडे ताजी हवा वळवली.

"यंत्रं अजून वेगवान होत जाणार," दारात उभं राहून आत्या म्हणाली. पडदा बघायचा नाही हे ती विसरली होती. "झोयाकडेही कधीतरी नवं येईल. तेव्हा तिघं मिळून पाणी वाढवा. त्या चंद्रावर बघण्यासारखं पुष्कळ असेल."

शहराच्या उत्तरेला एक खोल दरी होती. तिच्या पलीकडे अजून कोणीच गेलं नव्हतं. ओजसनं बोगद्याचं तोंड त्या दिशेला वळवलं आणि कळीवर बोट ठेवून थांबला.

"झोया, तुझ्याकडे पाणी हलतंय का?"

तिनं नीट बघून घेतलं, त्याला जरा ताटकळतही ठेवलं.

"हलतंय," ती म्हणाली. "घे पुढं."