पाय आवरून घेणारी रांग

मैत्रीण हिल्काच्या थिएटरवर मी गेले ती साध्या कामाला. आमचा भयपट बराचसा तयार झाला होता आणि तो अनोळखी माणसांना दाखवून बघायचा होता. पिशवीत चित्रपटाची डिस्क होती आणि हिल्कासाठी वेलदोड्याचे गोड पाव. नोव्हेंबरात आमच्या या उत्तरेकडच्या तुर्कू शहरात दुपारीच दिवे लावावे लागतात. नदीकाठचा रस्ता ओला, काळा आणि रिकामा होता.

चित्रपटांचं संकलन करण्यात माझं आयुष्य गेलं, तेही बहुतेक भीतीच्या चित्रपटांचं. चौकटीत एका बाजूला अंधार मोकळा सोडला की बघणारा तिकडेच बघत राहतो. संगीत थांबवायचं. दार हलू द्यायचं आणि त्यामागून मांजर काढायचं. माणूस हसतो, सैल पडतो. मग दुसऱ्या बाजूने खरं ते आणायचं. आणखी एक रीत आहे. मेलेला माणूस उगाच येत नाही. त्याचं काहीतरी राहिलेलं असतं, घरातल्या कुणीतरी ते दडपलेलं असतं, आणि दार हलतं ते त्या दडपलेल्या गोष्टीमुळे.

यावरूनच दिग्दर्शक ओस्करीशी माझं वाजत होतं.

"तुझं भूत येतं आणि नुसतं उभं राहतं," तो म्हणायचा. "त्याला हवंय काय, सिस्को? बसची वाट बघतंय का ते?"

"प्रत्येकाला काही हवंच असतं असं नाही."

"मग लोकांनी घाबरायचं कशाला?"

त्याला काय सांगणार? माझा नवरा राइमो एप्रिलमध्ये गेला. जाण्याच्या आदल्या शनिवारी त्याने गाडीची बर्फासाठीची हिवाळी चाकं काढून उन्हाळी बसवली होती. कुणाशी भांडण नव्हतं, मनात काही ठेवलेलं नव्हतं. चित्रपटाच्या रीतीने बघितलं तर त्याला परत यायला कारणच नव्हतं. तरी उन्हाळाभर मी बैठकीचं दार अर्धवट उघडं ठेवलं. दाराकडे पाठ करून भांडी घासली. दार होतं तिथेच राहिलं. मला रडू येत नसे, चीड येई. परक्या लोकांसाठी मी इतकी मेलेली माणसं नेमक्या क्षणी आणून उभी केली, आणि माझ्या घरात जमिनीची साधी फळीही वाजत नव्हती.

हिल्काच्या थिएटरात आम्ही पाचव्या रांगेत बसायचो. मी आधी जाऊन जागा धरायची आणि राइमोने गाडी लावून उशिरा यायचं, सगळ्या रांगेला पाय आवरायला लावत. म्हणून त्या दिवशी मी खाली बसलेच नाही. वर, यंत्राच्या खोलीत हिल्काबरोबर थांबले.

"खाली जा की," हिल्का म्हणाली. "माझ्या पावावर नजर ठेवून बसलीयस."

"इथून बरं दिसतं."

"इथून काय दिसतं? टकली."

अशा खेळाला पडद्याखाली अंधारात बघणारा कॅमेरा लावतात. लोक कुठे दचकतात, कुठे कंटाळतात, ते त्यात कळतं. दुसऱ्या दिवशी हिल्काच्या कचेरीत आम्ही तिघांनी ते मुकं चित्रण लावलं, शेजारी चित्रपट चालू ठेवून. सगळे चेहरे राखाडी, डोळे पांढरे. ओस्करीने हौसेने घातलेल्या किंकाळीला एक बाई जांभई देत होती.

"बघ," मी म्हटलं.

"तिला रात्रपाळी असेल," तो म्हणाला.

मग भांडी घासण्याचा प्रसंग आला. मुलगी पाठमोरी, मागे उघडं दार, आवाज बंद. तिथे काहीच होत नाही. तो माझा प्रसंग होता. पाचव्या रांगेत कडेच्या माणसाने पडद्यावरची नजर न काढता पाय आत घेतले. मग त्याच्या शेजारणीने. मग पुढच्याने, मांडीवरचा कोट उचलून धरत. उशिरा आलेल्या माणसाला वाट देतात तसं, एकामागून एक. रांगेतून कुणीच जात नव्हतं. मधल्या रिकाम्या खुर्चीपाशी ते थांबलं. तिच्यापलीकडचा कुणी हलला नाही.

"आपल्या चित्रपटात असतं तर आपण त्या खुर्चीची बैठक खाली पाडली असती," ओस्करी हळूच म्हणाला.

खुर्चीची बैठक वर दुमडलेलीच होती.

"सिस्को..." हिल्का म्हणाली. "ती तुमची जागा ना गं?"

मला एवढंच कळत होतं की मी वर बसले होते. पाव खात.

पुढच्या आठवड्यात पुन्हा खेळ लावायला मी ओस्करीला भाग पाडलं. त्या प्रसंगाला हात लावायचा नाही, एवढंच मागितलं. तोही एरवीसारखा वाद घालत बसला नाही. या वेळी मी पाचव्या रांगेत बसले, शेजारची जागा धरून. रांग भरली. तो प्रसंग आला, आवाज बंद झाला. माझ्याजवळ कुणाच्या तरी ओल्या लोकरी कोटाचा वास येत होता. तो सगळ्या थिएटरातच येत होता. मी वाट बघितली. गारवा नाही, स्पर्श नाही, काही नाही. मुलीची भांडी घासून झाली आणि चित्रपट पुढे गेला. मी शेवटपर्यंत बसून राहिले. बाहेर पडताना शेजारणीला विचारलं, "मध्येच कुणी आलं होतं का हो?"

"नाही बाई," ती म्हणाली. "का, कुणी यायचं होतं?"

चित्रण मी बघणारच नव्हते. ओस्करीने फोन करून बोलावलं. फोनवर काही सांगेना.

चित्रणात कडेच्या माणसाने पाय आत घेतले. मग पुढच्याने. मग पुढचीने. माझ्यापर्यंत आलं तेव्हा मीही घेतले. मला ते अजिबात आठवत नाही. बाकी सगळ्यांची नजर पडद्यावर होती, पण मी वर बघत होते, समोर उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसं. माझा हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर होता. मी मान हलवत होते. ओठही हलत होते, आणि काय म्हणत होते ते आवाज नसतानाही ओळखू येत होतं. अनोळखी माणसाला आपण नम्रपणे म्हणतो तेच.

ही जागा धरलेली आहे.

"परत लावू?" ओस्करीने विचारलं.

"नको. पुढे जाऊ दे."

माझ्यापलीकडच्या बाईने पाय आत घेतले. मग तिच्या शेजाऱ्याने. असं करत करत भिंतीलगतच्या शेवटच्या म्हाताऱ्यापर्यंत. त्याने तर अंगच चोरून घेतलं. त्याच्यापुढे नुसती भिंत आहे.

चित्रपट संपून दिवे लागेपर्यंत आम्ही ते चित्रण बघत राहिलो. भिंतीकडून परत बाहेर येणाऱ्यासाठी कुणीच पाय आवरले नाहीत.