सहा जणांचा एकमेव रुद्राक्ष

"बंड्या, चहात काय टाकलंस?"

"काही नाही गं! आत्याच्या ट्रंकेत रेशमी फडक्यात सापडलं. म्हटलं, विरघळतं का बघू!"

नंदिनीनं कपात चमचा फिरवला आणि ती दचकलीच. चमच्यावर रुद्राक्ष आला, पण दोन तुकड्यांत! मधे डिंकासारखं काहीतरी चिकट लोंबत होतं.

तेवढ्यात प्रमोदिनीआत्या दारात आली. चमच्याकडे बघून ती मटकन खाली बसली. तीस वर्षं राजारामपुरीतल्या मुलींना गणित शिकवणारी आत्या! वर्गात तिच्या नुसत्या खाकरण्यानं मुली गप्प होत. ती आता पदरात तोंड लपवून रडत होती.

मे महिन्याची सुट्टी होती. नंदिनी आणि तिचा धाकटा भाऊ बंडू यांच्याकडे मामेभाऊ कृष्णात गारगोटीहून राहायला आला होता. तिघांनी आत्याला पाणी दिलं, मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

दिवाळीत आत्या हंबीरराव यात्रावाल्याबरोबर नेपाळला गेली होती. आयुष्यातला पहिलाच परदेश! काठमांडूच्या एका दुकानात पाऊल टाकताच म्हातारा दुकानदार हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "माताजी, आप गणित की पंडिता हैं! ललाट पर लिखा है!" मग हंबीररावांनी कानात सांगितलं, "बाई, एकमुखी रुद्राक्ष जगात हा एकच उरलाय. साऱ्या यात्रेत तुम्हीच पात्र. मात्र कुणाला दाखवू नका, पाणी लागू देऊ नका. कृपा जाते."

आत्यानं आपल्या आईच्या सोन्याच्या पाटल्या उतरवून दिल्या होत्या.

"मला पंडिता कुणी म्हटलं नव्हतं रे कधी," आत्या पुटपुटली.

नंदिनीच्या बाबांनी, म्हणजे आत्याच्या भावानं, दत्तोपंतांनी, सगळं ऐकून हात झटकले. "झालं ते झालं. काठमांडूच्या दुकानदाराला कुठं शोधणार? चार लोकांत शोभा नको!"

नंदिनीचे कान तापले. शोभा? आत्याला फसवणारा मजेत फिरतोय, आणि लाज आत्यानं धरायची?

"मी त्याला सोडणार नाही!" ती गच्चीवर जाऊन म्हणाली.

कृष्णात डोकं खाजवत होता. "मला एक सांग. त्या दुकानदाराला कसं ठावं, आत्या गणित शिकवती ते? कपाळावर पाढं लिव्हल्यात व्हय?"

नंदिनी ताडकन उठली. "हंबीररावांनीच आधी सांगितलं! चोर इथंच आहे, कोल्हापुरात!"

यात्रेच्या फोटोमागे सगळ्यांची नावं लिहिलेली होती. तिघं सायकली काढून निघाले. पहिलं घर अंबूबाईंचं. रंकाळ्याजवळ त्यांचा म्हशींचा गोठा. रुद्राक्षाचं नाव काढताच धार काढता काढता त्यांचा हात थांबला.

"तुला कुनी सांगितलं गं? मला म्हनला, अंबूबाई, तुमच्यात देवीचा अंश हाय. जगात ह्यो एकच हाय म्हनला! माझी बोरमाळ दिली मी."

"एकच?" बंडू ओरडला. "आमच्या आत्याकडे पण एकच आहे!"

अंबूबाईंचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "मुडदा बशिवला त्याचा! कुटं हाय त्यो?"

दोन दिवसांत आणखी चार जण सापडले. प्रत्येकाकडे जगातला एकमेव रुद्राक्ष, आणि प्रत्येकानं तो घरच्यांपासूनही लपवलेला!

रविवारी दुपारी चारला एका मंगल कार्यालयात हंबीररावांची नव्या यात्रेची सभा होती. पांढरा फेटा, हातात छडी, मागे पशुपतिनाथाचं चित्र. लोक चहा पीत माना डोलवत होते. पुढच्याच रांगेत नंदिनी जाऊन बसली.

"काका, किती छान बोलता हो तुम्ही! आमच्या शाळेत व्याख्यानाला या ना!"

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला.

"एकमुखी रुद्राक्षाबद्दल सांगा ना! तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार?"

"अगं पोरी, या डोळ्यांनी बघितलाय! जगात एकच! मागच्या यात्रेत एका पुण्यवान माणसाला लाभला."

"कुणाला?"

"ते गुपित आहे!"

मागून खणखणीत आवाज आला, "मला!" आत्या उभी होती.

"मला बी!" अंबूबाई उठल्या. मग तिसरा, चौथा, पाचवा, सहावा. सहा हात वर, हातात पाच रुद्राक्ष आणि दोन तुकडे!

"पावणं, सरका वाईच!" कृष्णात चहावाल्याकडून उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन आला. अंबूबाईंनी आपला रुद्राक्ष त्यात टाकला. सगळे वाकून बघू लागले. थोड्याच वेळात तो मधोमध उलला.

हंबीरराव मागच्या दाराकडे धावले, पण दार उघडेना! बंडूनं बाहेरून कडी घालून ठेवली होती.

"जाताय कुठं?" नंदिनी आडवी आली. "आत्याला काय म्हणालात, ते सगळ्यांसमोर म्हणा. मोठ्यानं! मग बाकीच्यांना काय म्हणालात तेही!"

"तुम्हीच... पात्र," हंबीरराव पुटपुटले.

"ऐकू येत नाही!"

सहाही जणांची स्तुती त्यांना पुन्हा म्हणावी लागली. फेटा सुटून खांद्यावर आला. सभागृह खदखदून हसू लागलं. नंदिनीला वाटलं, अजून म्हणायला लावावं, संध्याकाळपर्यंत!

तेवढ्यात अंबूबाई गरजल्या, "हसू नगा! ग्वाड लागलं म्हनूनच आमी फसलो. तुमास्नी बी लागलं असतं!"

हसू एकदम थांबलं. कुणीतरी फौजदारांना आणायला धावलं.

फौजदारांनी झडती घेतली, तेव्हा हंबीररावांच्या कपाटात पाटल्या आणि बोरमाळ मिळाली. उरलेले दागिने काठमांडूच्या जोडीदाराकडे गेल्याचं त्यांनी कबूल केलं.

दत्तोपंत आत्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. "ताई, मी शोभेला घाबरलो. पोरांनी मात्र तुझी बाजू घेतली."

"माझ्याहून चांगलं गणित सोडवलं त्यांनी," आत्या म्हणाली आणि तिनं तिघांना जवळ ओढलं.

फौजदारांनी बंडूच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! तुमच्यासारखी हुशार पोरं साऱ्या जिल्ह्यात नाहीत!"

बंडूनं डोळे बारीक केले. "साहेब, तुम्ही काय विकता?"