दोन तळहातांमधली स्प्रिंग

पिठानं माखलेली मी चक्कीच्या दारात पदर झटकत होते, आणि तो नेमका समोर येऊन उभा राहिला. खांद्यावर जड पिशवी, ओठांवर दाबलेलं हसू...

"पुंजाजी पाटलाचं इंजिन इथंच हाय काय?"

"आवाज ऐकू नाही येऊन राह्यला?"

"आवाज येते. पिठामागं माणूस हाय, हे आत्ता समजलं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मेला शहाणा!

तो जगदेव, अकोल्याहून रेल्वेनं आलेला मिस्त्री. तेव्हा पंचक्रोशीत इंजिनावरची चक्की एकच, आमची. बाबांना त्याच इंजिनावर आता तेलघाणीही चालवायची होती, म्हणून त्याचा वेग जरासा वाढवायचा होता. बाबांनी त्याला रोखठोक सांगितलं, "दोनी चालले तं तुले इथंच कामावर ठेवतो. नाही तं संध्याकाळची गाडी हाय."

मला काय त्याचं? असं स्वतःला बजावलं, आणि दिवसभर चक्कीतून हलले नाही.

त्यानं इंजिन बंद करून झाकण काढलं. रोजचंच इंजिन ते. पण वर माना डोलावणाऱ्या त्या लोखंडी दांड्यांना रॉकर म्हणतात, त्यांनी दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंग त्याला पुन्हा मिटते, आणि इंजिन असा श्वास घेतं... हे मला कुठं ठाऊक होतं? बाई गं, एवढं मोठं धूड, आणि त्याचा जीव त्या बोटभर स्प्रिंगेत. मी बघतच राहिले.

वेग वाढला की जुनी स्प्रिंग व्हॉल्व्ह वेळेवर मिटणार नाही, म्हणून पिशवीतून त्यानं स्प्रिंगांच्या दोन नव्या जोड्या काढल्या, एक जाडी, एक मधली. बाबांनी जाडी उचलली. "हेच टाक."

"नाही, काका. ही रॉकरचं नाक खाऊन टाकीन. मधली पुरते. अन् रॉकर हलका पायजे, जड मान हालवाले उशीर लागते."

"कर तुह्या मनाचं. पण गाडी याद ठेव," म्हणत बाबा शेताकडे गेले.

मी इंजिनाजवळ सरकले. "तुमाले पक्कं मालूम हाय ना—?"

त्यानं जुनी आणि मधली स्प्रिंग टोकाला टोक लावून धरल्या. "तिकडून हात लावा. दाबा."

एका टोकाला माझा तळहात, दुसऱ्याला त्याचा. जुनी मुकाट्यानं दबत गेली. नवी जेमतेम लवली.

"समजलं?"

चांगलं समजलं होतं. "नाही," मी म्हणाले. "अजून एकदा दाखवा..."

तो हसला, आणि त्यानं पुन्हा दाखवलं.

संध्याकाळी मोठं चाक फिरलं. चक्की आणि घाणी एकदमच चालू लागल्या. रॉकर इतके चपळ डोलत होते की डोळा ठरेना, आणि घाणीतून तेलाची धार लागली. माझे हात आपोआप जोडले गेले.

बाबा धावतच आले. जाडी जोडी तशीच पडलेली पाहून त्यांनी मला विचारलं, "मधलीच टाकली? यानंच ठरवलं, का तू बोलली?"

आमच्याकडे परक्या पुरुषाला बाई भाऊ म्हणते. माझी जीभच वळेना. शेवटी तोंडून निघून गेलं, "यायनं ठरवलं."

नाव न घेता 'यांनी' असं आमच्याकडे बाई फक्त नवऱ्याबद्दल बोलते. दळण घ्यायला आलेली भुरीबाई पदराआड हसली. जगदेवच्या हातून फडकं पडलं. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

बाबांनी तेलाच्या धारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कितीतरी वेळ त्याच्याकडे. सकाळपासून त्याला अरे-तुरे करणारे बाबा घसा खाकरून म्हणाले, "मिस्त्री... मामकूळ कोणतं तुमचं?"

सोयरीक मनात असल्याशिवाय कोणी कोणाचं मामकूळ, म्हणजे आईच्या माहेरचं कूळ, विचारत नाही.

"मामा किन्हीराजा गावचे," जगदेव कसाबसा म्हणाला. इंजिनाच्या एवढ्या आवाजातही मला ते स्वच्छ ऐकू आलं.