अडेला मावशीच्या घरातलं बोलणं

दार लोटून घ्या रे, वारा येतोय. विल्मर माझ्याबरोबर खेकड्यांच्या बोटीवर सतरा वर्षं होता. थापा मारणाऱ्यातला नव्हे. त्यानं सांगितलं तसंच सांगतो.

त्याची अडेला मावशी ग्वेमस बेटावर एकटी राहायची. आपल्या सामिश जमातीची बोली बोलणारी त्यांच्या घराण्यातली शेवटची. धाकटी बहीण म्यूरिएल वारली, आणि तिला त्या बोलीत बोलायला माणूसच उरलं नाही. भांडी घासताना एकटीच पुटपुटायची.

विल्मर चिडवायचा, "मावशे, नळाशी गप्पा मारतेस?"

"मग कुणाशी मारू? तुला चार शब्द शीक म्हटलं, तर तुला खेकड्यांतून सवड नाही!"

"पुढच्या हिवाळ्यात शिकतो गं."

त्या हिवाळ्याआधीच मावशी गेली.

एकोणीस नोव्हेंबर, दोन हजार एकोणीस. मंगळवार. थंडीनं नळ फुटू नयेत म्हणून विल्मर मावशीच्या घराचं पाणी बंद करायला गेला. काम लांबलं, बेटावरून परतायची शेवटची बोट चुकली. वीज आधीच तोडलेली. बाहेरच्या खोलीत कोचावर तो आडवा झाला.

पावणेदहाला जाग आली. स्वयंपाकघरात कुणीतरी बोलत होतं.

दोन बायका. आपल्या बोलीत. एक आवाज मावशीचा... दुसरीच्या बोलण्यावर ती खळखळून हसत होती. तिला असं हसताना त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

त्याला एक अक्षर कळेना. मला म्हणाला, "भीती नंतर वाटली रे. आधी वाटलं, या घरात मीच परका."

कोच करकरला.

बोलणं थांबलं.

मग मावशीनं काहीतरी विचारलं. त्याला.



पुन्हा विचारलं. सावकाश. एकेक शब्द सुटा करून...

"मावशे... मला कळत नाही गं."



एक उसासा. भांड्याचा बारीक आवाज. मग काहीच नाही...

तिनं काय विचारलं, ते त्याला आजवर कळलेलं नाही.

बऱ्याच वेळानं टॉर्च घेऊन तो आत गेला. कुणी नव्हतं. शेगडी थंडगार. टेबलावर एक बशी. बशीत उकडलेल्या तिसऱ्या. वाफ निघत होती. शिंपले एका बाजूला रचलेले... आणि आतलं मांस सोडवून वेगळं ठेवलेलं. लहान पोराला भरवण्याआधी काढतात, तसं.