मीच बसलोय शेजारी

करवंट्यांत कावा ओता पोरांनो, आणि ते फोन जरा उलटे ठेवा. फेलेती आठवतो ना, माझ्याबरोबर बेकरीत रात्रपाळीला असायचा तो? त्याच्यावर गुदरलेलं सांगतो. गेल्या जूनमधला दुसरा गुरुवार.

त्याची आई लुपे इथेच, सिडनीच्या इस्पितळात पडून होती. रोज संध्याकाळी तो तिच्यासाठी सूप घेऊन जायचा आणि कामावर निघताना घरच्या ग्रुपवर तिची खबर टाकायचा. ‘ताप उतरला. चार घास खाल्ले.’ तिकडे बेटावर, टोंगात, अख्खं गाव ते वाचायचं. मग धाकट्या बहिणीचा, वाइमोआनाचा, प्रश्न ठरलेला, “दादा, रात्री आईजवळ कोण असतं?”

आजारी आईला एकटं टाकलं म्हटल्यावर गावात तोंड दाखवायची सोय नाही. रजा मागावी, तर नोकरी जाणार. फेलेतीनं लिहून टाकलं, ‘मीच बसलोय शेजारी.’ पुढे रोजच तसं लिहायला लागला.

एका संध्याकाळी नर्स म्हणाली, “कमाल आहे बाबा तुझी! रात्रभर खुर्चीतून हलत नाहीस. घरी जाऊन झोपत जा की जरा.”

“कोण, मी?”

“नाहीतर काय, तुझा जुळा भाऊ?”

थट्टा करतेय, असं त्याला वाटलं. पण त्या गुरुवारी बेकरीतलं कणकेचं मशीन बिघडलं, मालकानं सगळ्यांना सोडलं, आणि फेलेती तडक इस्पितळात गेला.

लांबलचक व्हरांडा. चिटपाखरू नाही. आईच्या खोलीतून आवाज येत होता. ती हसत होती... कितीतरी दिवसांनी.

त्यानं दाराच्या काचेतून आतल्या मंद उजेडात पाहिलं.

खुर्चीत कुणीतरी होतं. पाठमोरं. रुंद खांदे. त्याचाच शर्ट.

खिशात फोन थरथरला. ग्रुपवर नवी खबर. त्याच्याच नावानं.

‘मीच बसलोय शेजारी.’

त्यानं दार ढकललं. आईनं त्याच्याकडे पाहिलं. ओळखलं नाही. खुर्चीकडे वळून हळूच म्हणाली,

“फेलेती... दारात कोण उभंय रे?”

खुर्चीतलं डोकं वळायला लागलं...

फेलेतीनं दिवा लावला.

खुर्ची रिकामी. त्यानं आईला हाका मारल्या. नर्स धावत आली. पण...

ती गेली होती.

मातीला वाइमोआना आली. आईला नेसवताना तिला मनगटावर बोटांचे निळे वळ दिसले. “किती घट्ट धरून बसला होतास रे दादा,” म्हणून त्याच्या गळ्यात पडून रडली.

सगळे बाहेर गेल्यावर फेलेतीनं आपली बोटं त्या वळांवर ठेवून पाहिली.

वळ लांब होते... खूप लांब.